तांब्या पिशवीत घाला आणि निघा

वाचक लिहितात:

‘मी अंबाजोगाईची. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले आणि आता दोन महिने चिंचवडला मुलाकडे आले आहे. माझे वडील १९५८ ते ६१ पुण्यात शिकायला होते. शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यातल्या एका वाड्यात त्यांची खोली होती. पानशेतच्या पुरानंतर ते गावी परतले, ते शिक्षण सोडूनच. पुण्याबद्दल फार बोलत नसत, पण वीर मारुती आणि ओंकारेश्वर ही नावं अधूनमधून तोंडात यायची. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पुण्याच्या दोनच खुणा आमच्याकडे आहेत. एक पोस्टकार्ड, ज्यावरचा पत्ता अर्धा पुसलाय. आणि एक तांब्याचा तांब्या, बुडाला पोचा गेलेला, काठावर त्यांचं नाव घातलेला. मला ती पेठ एकदा पायी फिरून बघायची आहे, आणि एकटीने. सोबत कुणी असलं की मी त्यांची घाई आणि त्यांची भूक सांभाळत बसते. मुलगा म्हणतो, “आई, रविवारी गाडीने नेतो, तासाभरात सगळं दाखवतो.” सून म्हणते, एकटीने गल्लीबोळांत कशाला? लोकांनी विचारलं काय पाहिजे, तर मी काय सांगू? बाथरूमचं काय? चुकले तर? आणि तो वाडा नसेलच तर?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नच दिसले, दुसऱ्या वाचनात तांब्या दिसला.

तुमच्या प्रश्नांतला खरा अडलेला प्रश्न मला एकच वाटतो. ‘काय पाहिजे?’ असं कुणी विचारलं तर? बाकीच्यांना उत्तरं आहेत, खाली देते. पण हा प्रश्न जुना आहे आणि तो तुमच्या एकटीचा नाही. आपल्याकडे बाईमाणूस भाजीला निघालंय, देवाला निघालंय, नातवाला शाळेतून आणायला निघालंय, तर चालतं. नुसतं बघत उभं आहे म्हटलं की समोरच्याच्या आधी आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मी सोमवार पेठेत वाढले, आता सत्तरीला टेकले, तरी पेठेत एखाद्या दारासमोर रिकाम्या हातांनी उभी राहिले की उगीचच मोबाइल काढून बघते. त्यामुळे ‘धीट व्हा’ वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. इतक्या वर्षांत मला जमलं नाही, ते तुम्हाला बुधवारपर्यंत कसं जमेल?

काम घेऊन जा. हातात काम असलं की गल्लीत उभं राहायला कारण मिळतं, माणसांशी बोलायला विषय मिळतो. आणि काम तर तुमच्या घरात पडूनच आहे. तो पोचा.

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हंडे, घागरी, पातेली, घंगाळी आणि पुढे पाणी तापवायचे बंब, हे सगळं इथे ठोकून तयार व्हायचं. स्टीलने हंडे घालवले आणि गीझरने बंब, पण काही घरं अजून हातोडी धरून आहेत. आता पाण्याच्या बाटल्या करतात, दिव्यांची झाकणं करतात, मोठ्या हॉटेलांना लागणारी शोभेची भांडी करतात. आळी जवळ आल्याचं डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने शेजारीशेजारी एकसारखे खळगे पाडत जातात, त्याला मठार म्हणतात. हे खळगे नुसते शोभेचे नसतात, ठोकल्याने तांबं घट्ट होतं. तुमचा तांब्या गुळगुळीत आहे की मठारलेला, ते पत्रात लिहिलेलं नाही. मठारलेला असेल, तर तो याच आळीतून गेला असण्याची शक्यता आहे. पण खात्रीने कुणी सांगू लागलं, तर ते गोड बोलणं समजा.

तिथे गेल्यावर तांब्या पिशवीतून काढायचा आणि विचारायचं, ‘एवढा पोचा काढून मिळेल का?’ बस. पुढचा अर्धा तास कुणी तुम्हाला काय पाहिजे म्हणून विचारणार नाही, उलट तुम्हालाच बसायला स्टूल मिळेल.

दोन गोष्टी मात्र आधी ठरवून जा. तांब्या यंत्रावर पॉलिश करू देऊ नका. फिरत्या चाकाखाली काठावर घातलेल्या नावाची अक्षरं झिजतात, आणि त्या तांब्यात जपण्यासारखं काही असेल तर ती अक्षरंच. घरी चिंच-मीठ लावून घासलंत तरी पुरे. कल्हई करायची का, असंही कुणी विचारेल. नुसतं पाणी प्यायच्या तांब्याला कल्हई लागत नाही, ती आंबट शिजवायच्या भांड्यांना. आणि पोचा काढायचाच का, हाही विचार करा. तो पुरातला आहे की तुमच्या घरातल्या फरशीवरचा, आता कोण सांगणार? मी असते तर काढला नसता, नुसतं विचारून परत आणला असता. पण तांब्या तुमचा आहे.

कारागीर लगेच हातात घेईल असं नाही. ‘परवा या’ म्हणेल. म्हणू द्या, म्हणजे पेठेत पुन्हा यायला तुम्हाला कारण राहील. आणि दोन दिवस तुम्हाला लागणारच आहेत. पहिला दिवस पेठेत पाय रुळण्यासाठी, दुसरा वडिलांच्या वाड्यासाठी. एकाच दिवशी सरळ मेहुणपुऱ्यात जाऊन पोस्टकार्ड काढू नका. परक्या गावात पहिल्या तासाला माणूस इतका भांबावलेला असतो की समोरची खूणसुद्धा दिसत नाही.

आता जायचं कसं. मुलाची गाडी नको आणि रविवार तर नकोच. पेठेत गाडी लावायला जागा शोधता शोधता त्याचा तास जाईल, मग तो चिडेल, मग तुम्ही ‘राहू दे रे’ म्हणाल. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी नऊच्या सुमारास पिंपरीला महापालिकेच्या स्थानकात मेट्रोत बसा आणि कसबा पेठ स्थानकात उतरा. गाडी बदलावी लागत नाही. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला. जिल्हा न्यायालय स्थानक गेल्यावर गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. खिडकीबाहेर अंधाराशिवाय काही दिसत नाही, पण तुमच्या वडिलांचं शिक्षण ज्या नदीने थांबवलं ती त्या वेळी तुमच्या डोक्यावर असते. मला तो एक मिनिट विचित्र वाटतो, तुम्हाला कदाचित जास्त वाटेल.

स्थानकातलं प्रसाधनगृह बाहेर पडण्याआधीच वापरून घ्या. लाजू नका आणि मुख्य म्हणजे बाथरूमच्या भीतीने पाणी प्यायचं टाळू नका. आपल्या पिढीच्या बायकांनी ही सवय लावून घेतलीय आणि पुढे मूत्रमार्गाचे विकार काढलेत. पेठेतली सार्वजनिक स्वच्छतागृहं भरवशाची नाहीत. त्यामुळे दर दीड-दोन तासांनी बसायचं ठिकाण असं निवडा की जिथे जेवायलाही मिळतं आणि आत सोयही असते. अमृततुल्यात चहा उत्तम मिळतो, पण बाथरूम नसतं, तेव्हा हिशेब ठेवा.

बाहेर पडल्यावर जवळच फडके हौद चौक आहे. इथे हौद शोधू नका. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ काढून शहरात पाणी आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधले. आज पेठांमध्ये पाण्यापेक्षा हौदांची नावंच जास्त शिल्लक आहेत. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद. पुण्यात वस्तू जाते आणि नाव राहतं. तुमच्या कामी हीच गोष्ट येणार आहे, दुसऱ्या दिवशी.

कसबा गणपतीला जाऊन या. हे पुण्याचं ग्रामदैवत, जिजाऊंनी स्थापना केली असं सांगतात, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याचा. देऊळ लहान आहे, शांत आहे, एकट्या बाईने पाच मिनिटं टेकायला अगदी योग्य. लालमहाल तिथून जवळ आहे, त्यासाठी वेळ घालवला नाही तरी चालेल. शिवाजी महाराजांच्या लहानपणाची ती जागा खरी, शाहिस्तेखानावर १६६३मध्ये घातलेला छापाही तिथलाच, पण आज उभी आहे ती इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली. शनिवारवाडा बाहेरून बघा. दिल्ली दरवाजावरचे खिळे बघा, हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेले. १७३२मध्ये वास्तुशांत झाली, १८२८च्या आगीत आतलं लाकूड जळून गेलं, आता आत जोती आणि बाग आहे. मुलाला काही दाखवायचंच असेल, तर शनिवारवाडा त्याच्यासाठी ठेवा.

त्यापेक्षा तांबट आळीतून निघून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत या. इथे मी पक्षपात करणार आहे, आधीच सांगते. नागझरी एके काळी ओढा होता, आता नाला आहे, नाक थोडं दाबावं लागेल. पलीकडे त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. विचारताना कमला नेहरू रुग्णालयाजवळचं म्हणून विचारा. एका गोसाव्याने अठराव्या शतकात हे बांधलं, १७५४ ते १७७०च्या दरम्यान. पुण्यातली देवळं बहुतेक साधी, लाकूड आणि चुन्याची. हे मात्र पूर्ण काळ्या दगडाचं आणि दर्शनी भिंत कोरीव. तिच्यावर एक गेंडा आहे. पुण्यात गेंडा! आणि त्याला साखळीने बांधणारे टोपीवाले इंग्रज शिपाई आहेत. कोरणाऱ्याला काय म्हणायचं होतं, यावर अभ्यासकांनी तर्क केलेत, तुम्हीही करा. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलाय. भिंतीवरच्या शिलालेखांत संस्कृत आहे आणि फारसीही आहे. मी लहान असताना या दारात गोट्या खेळले आणि त्या गेंड्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर एका बाहेरगावच्या पाहुणीने मला तो दाखवला. आम्हा पेठेतल्या लोकांवर फार विसंबू नका, ते यासाठी.

आता वाड्यांविषयी, कारण तुमचा जीव तिथे आहे. दिंडी दरवाजा उघडा दिसला, आत चौक, तुळशीवृंदावन, वर लाकडी सज्जा, की पाय आपोआप आत वळतात. वळू देऊ नका. ते कुणाचं तरी घर आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका चौकात उभी राहून वरच्या नक्षीचा फोटो काढत होते. वाळत घातलेल्या परकरांच्या मागून एक आजी आल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे कुणी गेलं नाहीये अजून. लोक जमायला लागलेत.’ मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाहेर आले. दारातून हाक मारायची, ‘आत येऊन बघू का?’ असं विचारायचं. पाचांतले तीन नाही म्हणतील, दोन चहा पाजतील.

आणि पावसाळा आहे हे विसरू नका. अनेक वाड्यांत भाडी वर्षानुवर्षं गोठलेली, मालकाला दुरुस्ती परवडत नाही किंवा करायची नसते, भाडेकरूला सोडायचं नसतं, खटले चालू असतात आणि तोवर तुळया कुजतात. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. तशी नोटीस दिसली, भिंतीला टेकू दिसले, तर छत्री मिटून आडोशाला त्या छज्जाखाली उभं राहू नका. भिजा, हरकत नाही.

फिरताना बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत तुम्ही चुकून शिराल, तर लक्षात येईल की ही वेश्यावस्ती आहे. सुनेच्या मनात बहुधा हेच असेल आणि तिने तोंडाने म्हटलं नसेल. दिवसाउजेडी तिथून चालत गेल्याने तुम्हाला काही होत नाही. फोन पिशवीतच राहू द्या, टक लावून बघू नका, सरळ चालत पुढच्या मोठ्या रस्त्याला लागा. त्या बायका तिथे राहतात, तुम्ही तिथून जाताय, इतकंच.

चुकण्याचं म्हणाल, तर चुकणारच. पेठेतल्या बोळांत फोनवरचा नकाशा निळा ठिपका भिंतीपलीकडे दाखवत राहतो. तेव्हा देवाला विचारायचं, म्हणजे देवाचं नाव विचारायचं. इथले देव पत्त्यासाठीच असल्यासारखे आहेत. पासोड्या विठोबा, कारण शेजारी पासोड्या विकायला बसत. जिलब्या मारुती, कारण जिलबीचं दुकान. सोन्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. विचारायचं कुणाला, तर चालत्या माणसाला नाही. तो घाईत असतो आणि बऱ्याचदा तोही बाहेरगावचाच असतो. दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, शक्यतो केस पांढरे झालेल्या. आणि पूर्ण पत्ता विचारू नका. पूर्ण पत्ता ऐकला की पुणेकर त्यातली चूक काढतो. नुसतं ‘वीर मारुती?’ म्हणा. हात आपोआप वर होईल, दिशा दाखवायला.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून पहिल्या दिवशी एक थांबा मुद्दाम सुचवते. दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला, राष्ट्रीय स्मारक करण्यासाठी. म्हणजे तिथे तुम्हाला वाडा दिसणार नाही. तरीही जाऊन उभ्या राहा. समोर गणपतीला ही गर्दी, हार, नारळ, रांगेच्या लोखंडी कठड्यांमध्ये कुरकुरणारी पोरं, आणि रस्त्याच्या अलीकडे ही जागा. नसलेल्या वाड्यासमोर काय करायचं असतं, त्याची सवय तुम्हाला दुसऱ्या दिवसासाठी होईल. हे कोरडं वाटलं आणि घर बघायचंच असेल, तर रिक्षा करून गंज पेठेत फुले वाड्यात जा. तो उभा आहे. १८६८मध्ये ज्या पाण्यावर अस्पृश्यांना मोकळेपणाने येऊ दिलं, ती जागा तिथे आहे. पण एवढं सगळं एका दिवसात केलंत तर गुडघे बोलतील. मी असते तर फुले वाड्यासाठी तिसरा दिवस ठेवला असता.

जेवणाचं सोपं आहे. एकट्या बाईला टेबल कोण देणार, ही भीती पेठेत नको, कारण इथे टेबल कुणालाच एकट्याला मिळत नाही. गर्दीच्या ठिकाणी समोर अनोळखी माणूस बसवतात, तो आपली मिसळ खाली मान घालून खातो, तुम्ही तुमची. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली मिसळ प्रसिद्ध आहे, गोडसर असते, मराठवाड्याच्या जिभेला फिकी वाटेल. बटाटावडा घ्या, थालीपीठ घ्या. आणि दुपारी एक ते चार काही दुकानं बंद असतात, हा विनोद नसून माहिती आहे, तेवढा वेळ बसण्यासाठी ठेवा.

आता दुसरा दिवस.

निघण्याआधी पोस्टकार्डाचा फोटो काढा, झेरॉक्स काढा, मूळ कार्ड घरी ठेवा. पावसात ते तुम्ही चार वेळा पिशवीतून काढणार आहात. मग त्या झेरॉक्सवर पत्त्यातला आकडा शोधा. पेठेतल्या पत्त्यांत पेठेच्या नावाआधी घरांक असतो, आणि तोच खरा धागा आहे. वाडा पाडून तिथे इमारत झाली, तरी बऱ्याचदा पत्त्यात तो जुना आकडा तसाच चालत येतो. फाटकावरच्या पाटीवर, जिन्यातल्या टपालपेट्यांवर, तळमजल्यावरच्या दुकानाच्या बिलावर बघा. आकडे रस्त्याने सरळ रांगेत चालत नाहीत, त्यामुळे शेजारचा आकडा सापडला म्हणजे पोचलात असं समजू नका. दुसरा धागा मालकाचं आडनाव. पोस्टकार्डावर ‘अमुक यांचा वाडा’ असं काही उरलं असेल, तर ते आडनाव इमारतीच्या नावात शोधा. मालक बिल्डरला वाडा देतो, पण नाव अनेकदा राखून घेतो.

वीर मारुतीपासून सुरुवात करा. देवळात असेल त्याला, शेजारच्या किराणावाल्याला, केस कापणाऱ्याला एकच विचारा, ‘इथे पुराच्या आधीपासून राहणारं कुणी आहे का?’ वाड्याचा प्रश्न नंतर. शनिवार पेठेत ‘पुराच्या आधी’ म्हटलं की वर्ष सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्याला आलं, तेही धरण त्याच दिवशी फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत मातीचे वाडे बसत गेले. खडकवासलाच गेल्याने शहराचे नळ बंद पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. मी पाच वर्षांची होते. सोमवार पेठेत आमच्या दोन खोल्यांत शनिवार पेठेतला मामा, मामी आणि त्यांची चार मुलं महिनाभर राहिली. मामीच्या लुगड्यांना येणारा चिखलाचा वास मला अजून आठवतो. आई ती पुन्हापुन्हा धुवायची आणि मामी म्हणायची, ‘राहू द्या वन्सं, जाणार नाही तो.’ तुमचे वडील फार बोलत नसत असं तुम्ही लिहिलंय. मामाही बोलत नसे.

१२ जुलै जवळ आली आहे. मुद्दाम त्या दिवशी जायचा मोह झाला तर टाळा. त्या दिवशी तुम्ही वाडा शोधायच्या ऐवजी पूर शोधत बसाल. आधी जा किंवा नंतर जा.

वाडा नसेल, हे मी तुम्हाला जवळजवळ खात्रीने सांगते. पुरातून वाचला असला तरी गेल्या चाळीस वर्षांत बांधकामातून वाचला असेल असं नाही. समोर चार मजली इमारत असेल, खाली झेरॉक्सचं दुकान नाहीतर दवाखाना. तिथे उभं राहून रडायला येईल की नाही, ते मला माहीत नाही. आलं तर येऊ द्या, पेठेत एवढी माणसं असतात की कुणी बघत नाही. पण तिथेच थांबू नका. नदीकडे चालत जा, ओंकारेश्वरापर्यंत. पहिल्या बाजीरावाच्या काळातलं हे देऊळ, १७३०च्या दशकातलं, दगडी, नदीच्या अगदी काठावर. पुराचं पाणी याच्यावरून गेलं आणि ते उभं राहिलं. वडिलांच्या तोंडी दोन नावं होती. वाडा त्यांत नव्हताच, बघा. वीर मारुती आणि ओंकारेश्वर, दोन्ही जागेवर आहेत. विशी-एकविशीचा मुलगा संध्याकाळी खोलीतून निघून कुठे जात असेल, ते तुम्हाला त्या दोन नावांच्या मधल्या रस्त्यावर चालून कळेल. तो रस्ता एकदा जाऊन या, मग उलटा परत या. मी कुठलीही नवी गल्ली दोन्ही बाजूंनी चालते. परतताना ती वेगळी दिसते, आणि जाताना ज्या दुकानदाराने नुसतं बघितलं तो येताना हटकून बोलतो.

मुलाला काय सांगायचं? खरं ते सांगा. ‘तांब्या दुरुस्तीला टाकायचाय.’ फोनवर तुमची जागा त्याला दिसत राहील अशी सोय त्याच्याचकडून करून घ्या, त्यालाही कामाला लागल्यासारखं वाटेल. तासातासाला फोन करू नकोस, दीड वाजता मीच करेन, असं ठरवा आणि दीड वाजता खरोखर करा. फोन पूर्ण चार्ज करून न्या. पायांत रोजच्या वापरातल्या चपला घाला, नव्या नकोत. मेहुणपुऱ्याच्या फरश्या पावसात घसरतात.

आणि तांब्या परत घ्यायला जाल तेव्हा मात्र मुलाला बरोबर न्या. काठावरच्या आजोबांच्या नावातलं कोणतं अक्षर पुसट झालंय, ते त्याला आळीतल्या उजेडात दाखवा. येताना तुम्ही बहुधा एखादं पातेलंही उचललेलं असेल, मला खात्री आहे, आणि ती पिशवी जड असेल.